सिलेक्शन मस्त दिसतं पण पाथ केला की अक्षरं वाकडी येतात: कारण आणि उपाय

दर महिन्याला कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. फोटोतलं नाव किंवा लोगो जिंपमध्ये (फोटोवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) सिलेक्ट केला, तुटक रेष अक्षराभोवती अगदी चपखल बसलेली दिसली, मग सिलेक्ट मेनूतून टू पाथ केलं, म्हणजे त्या कडेची कापता येईल अशी रेष बनवली, आणि बघतोय तर शिरोरेषा लाटेसारखी, काना मध्येच फुगलेला, वेलांटीला पायऱ्या, आणि नोड, म्हणजे रेषेवरचे वळायचे बिंदू, मोजले तर हजाराच्या पुढे. तेच प्लॉटरला, म्हणजे कटिंग मशीनला दिलं की ब्लेड जागच्या जागी थरथरतं, कोपऱ्यात रेडियम उचकटतं आणि जास्तीचं सोलून काढताना अर्धं अक्षर हातात येतं. मग माणूस एकेक नोड ओढत रात्री बारापर्यंत बसतो, आणि पुढच्या कामाला परत तेच.

मी रेडियम कटिंग आणि टीशर्ट प्रिंटिंग करतो आणि हे सगळं मी पण करून बसलोय, म्हणून नीट सविस्तर लिहितोय. माझं काम जिंप २.१० आणि इंकस्केपवर (रेषांची चित्रं करायचं सॉफ्टवेअर) चालतं, फोटोशॉप आणि कोरलवाल्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय, पण मूळ भानगड सगळीकडे एकच आहे त्यामुळे आधी ती वाचा, नाहीतर खालचे आकडे नुसते पाठ करून उपयोग नाही.

सिलेक्शन ही रेष नसतेच. ती चालणारी तुटक रेष बघून आपल्याला वाटतं की सॉफ्टवेअरला कडा कळली, पण आतमध्ये सिलेक्शन म्हणजे एक काळंपांढरं चित्रच असतं, प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा, ० म्हणजे निवडला नाही, २५५ म्हणजे पूर्ण निवडला, आणि कडेचे पिक्सेल मधेच कुठेतरी. तुटक रेष फक्त अर्ध्यावरून काढलेली असते. टू पाथ करताना जिंप पण तेवढंच बघतो, अर्ध्याच्या वर असेल तर पिक्सेल आत, नाहीतर बाहेर. मधले सगळे राखाडी आकडे गेले. उरतात त्या चौकोनी पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवरून तो वक्र रेषा बसवायचा प्रयत्न करतो. पायऱ्या बारीक असल्या तर वक्र गुळगुळीत येतो, पायऱ्या मोठ्या असल्या तर त्याला कळतच नाही की ही पायरी आहे का अक्षराचा खरा कोपरा आहे, मग तो दोन्हीकडे नोड टाकत सुटतो.

आता हिशोब करून बघा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत अक्षराची उंची ६० पिक्सेल आहे आणि गाडीवर ते अक्षर ६ इंच लावायचंय. ६ इंच म्हणजे १५२ मिलिमीटर, भागिले ६०, म्हणजे एक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा झाला. रेडियमवर अडीच मिलिमीटरची पायरी लांबून पण दिसते. तेच अक्षर कागदावर १ इंच असेल आणि ६०० डीपीआयने स्कॅन केलं तर ६ इंचाला एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा पडतो, तिथे हा प्रॉब्लेम येतच नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की ओरिजिनल मिळेल का. गिऱ्हाईकाला विचारा, ज्याने आधी फ्लेक्स केला त्याच्याकडे कोरलची फाइल किंवा पीडीएफ असते बऱ्याचदा, पीडीएफ असेल तर इंकस्केपमध्ये उघडून बघा, आत आधीच व्हेक्टर, म्हणजे पिक्सेल नसून रेषाच असतील तर पुढचं काहीच करायची गरज नाही. आणि मजकूर साध्या फॉन्टमधला असेल आणि तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर ट्रेस करू नका, म्हणजे चित्रावरून रेष काढू नका, टाइप करा, पाथमध्ये बदला आणि युनियन करा, म्हणजे सगळे आकार जोडून एकच करा. युनियन विसरू नका, कारण देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, असं जोडून (वेल्ड) न घेता कटिंगला दिलं तर प्रत्येक जोडावर ब्लेड आडवं कापून जातं.

पण कधीकधी ओरिजिनल नसतंच. आमच्याकडे एका मंडळाची पोरं आली होती, मंडळाचं नाव जुन्या पेंटरने हाताने लिहिलेलं, फलक कधीच उतरवलेला, उरलेला एकच फोटो आणि तो पण चारपाच मोबाइल फिरून आलेला. त्या अक्षरात ब्रशचा दाब दिसत होता, ळ ची पहिली गाठ जाड आणि दुसरी बारीक, श चं शेपूट सुटताना किंचित वर उचललेलं. असं अक्षर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाइप करून देता येत नाही, त्यांना तेच हवं होतं आणि बरोबरच होतं त्यांचं. अशा कामाला खालची पद्धत लागते.

सगळी मेहनत सिलेक्शनच्या आधी करायची, पाथ झाल्यावर नाही.

सुरुवात रंगापासून. आपल्याकडे पिवळ्यावर लाल, भगव्यावर पांढरं असं काम खूप असतं, आणि अशा फोटोवर डायरेक्ट जादूच्या कांडीने क्लिक केलं की अर्धी कड आत अर्धी बाहेर होते. त्याऐवजी कलर्स मेनूत कॉम्पोनंट्समध्ये डीकंपोज करा, आरजीबी निवडा, तीन चॅनल वेगळे होतात. पिवळ्यावर लाल असेल तर हिरवा चॅनल घ्या, कारण लाल आणि पिवळा यात फरक असतो तो फक्त हिरव्याचा, तिथे अक्षर काळं आणि मागचं पांढरं दिसेल. भगव्यावर पांढरं असेल तर निळा चॅनल घ्या. मी आधी नुसतं डीसॅच्युरेट करायचो, म्हणजे रंग काढून राखाडी, त्यात लाल पिवळा जवळजवळ यायचे आणि कडा धूसर, चॅनलने काम करायला लागल्यापासून अर्धी डोकेदुखी गेली.

फोटो पाटीचा असेल तर उजेड सगळीकडे सारखा नसतो, एका बाजूला उन्हाची तिरीप दुसऱ्या बाजूला सावली, मग थ्रेशोल्ड (ठरावीक आकड्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं) लावला की डावीकडची अक्षरं जाड आणि उजवीकडची बारीक होतात. यावर उपाय: लेयरची डुप्लिकेट करा, वरच्या लेयरला भरपूर गॉशियन ब्लर द्या, अक्षराच्या रेषेच्या जाडीपेक्षा बराच जास्त, म्हणजे अक्षरं दिसायचीच बंद होतील, आणि त्या लेयरचा मोड डिव्हाइड करा, मग फ्लॅटन, म्हणजे दोन्ही लेयर एकत्र. पांढऱ्यावर काळं असेल तेव्हा हे छान चालतं. उलटं असेल तर आधी इन्व्हर्ट करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चित्र मोठं करणं. इमेज मेनूत स्केल इमेज, चारशे टक्के, इंटरपोलेशन क्युबिक. इथे खूप जण वाद घालतात की मोठं करून डिटेल थोडीच वाढतं. डिटेल वाढत नाही हे खरंय. पण कडेचे जे राखाडी पिक्सेल असतात ना त्यांना कचरा समजू नका, कड त्या पिक्सेलमधून नेमकी कुठून गेली हे त्याच राखाडीत लिहिलेलं असतं. थोडा राखाडी म्हणजे कड पिक्सेलच्या या टोकाला, जास्त काळपट म्हणजे त्या टोकाला. लहान चित्रावर सिलेक्शन करून पाथ केला तर ही माहिती वाया जाते कारण अर्ध्याच्या वर की खाली एवढंच बघितलं जातं. आधी चौपट मोठं केलं की तीच राखाडी पसरून उतार तयार होतो आणि मग अर्ध्यावर कापलं की कड पिक्सेलच्या आत, खऱ्या जागेवर पडते. त्याच ६० पिक्सेलच्या अक्षरावर दोन्ही पद्धतीने पाथ करून शेजारी ठेवून बघा, सांगायची गरजच पडणार नाही.

मोठं केल्यावर गॉशियन ब्लर, साधारण ३. जेपेगमध्ये चित्र ८ बाय ८ च्या चौकटीत दाबलेलं असतं त्यामुळे अक्षराच्या कडेला ठिपक्यांची घाण साठते, ती या ब्लरमध्ये निघून जाते. मग कलर्स मेनूतून थ्रेशोल्ड, १२७ पासून सुरू करा आणि ओरिजिनलशी जाडी जुळेपर्यंत थोडं इकडेतिकडे सरकवा. इथे घाई करू नका, अक्षराची जाडी याच एका स्लायडरवर ठरते. मी ळ च्या आतली भोकं बघतो, ती बुजायला लागली की आकडा जरा खाली आणायचा. ब्लर जास्त झाला तर शिरोरेषेची टोकं आणि कान्याचं तळ गोल होतात, तसं झालं तर २ वर या.

आता सिलेक्ट बाय कलर घ्या, काळ्यावर क्लिक. टूल ऑप्शनमध्ये फेदर एजेस बंद आहे का ते दरवेळी बघा, मागच्या कुठल्यातरी कामाला चालू केलेलं तसंच राहतं आणि मग सगळे कोपरे गोल येतात आणि माणूस पाथच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो. मग शिफ्ट क्यू दाबून क्विक मास्क चालू करा. तुटक रेषेत जे दिसत नाही ते इथे दिसतं, सुटे ठिपके, मधेच पडलेली भोकं, दोन अक्षरं चिकटलेली जागा. ब्रशने तिथेच दुरुस्त करा आणि परत शिफ्ट क्यू.

ठिपके साफ करताना एक गोष्ट जपा, अनुस्वार. त्या मंडळाच्या पहिल्या कटिंगला मी इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपमध्ये स्पेकल्सचा आकडा १०० केला होता, घाण जावी म्हणून. हा आकडा म्हणजे एवढ्या पिक्सेलपर्यंतचा सुटा तुकडा काढून टाक. माझं चित्र तेव्हा मोठं केलेलं नव्हतं, अनुस्वाराचा ठिपका जेमतेम ८ पिक्सेल रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ५० च्या आसपास, तो पण घाणीबरोबर गेला. स्क्रीनवर लक्षात आलं नाही, कटिंग झालं, ट्रान्सफर टेप लावली, टेम्पोच्या काचेवर चिकटवलं आणि मग दिसलं की मंडळचं मडळ झालंय. परत नवीन कापून दिलं, पण बाप्पा आणायला निघालेल्या पोरांना तासभर थांबवलं याचं वाईट वाटलं. चौपट मोठं केल्यावर तोच ठिपका ३२ पिक्सेल रुंद, क्षेत्रफळ ८०० च्या आसपास, तिथे १०० ठेवलं तरी धक्का लागत नाही. चंद्रबिंदू, ज़ खालचा नुक्ता, सगळ्याला हेच लागू. मी आता पाथ झाला की मूळ फोटो शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचतो, टिंबांसकट.

मग टू पाथ. मेनूतून केलं तर डीफॉल्ट सेटिंगने होतं, पाथ टॅबमधल्या सिलेक्शन टू पाथच्या बटणावर शिफ्ट दाबून क्लिक केलं तर मोठी खिडकी उघडते, वीसेक स्लायडर असतात, घाबरू नका, दोनच लागतात. एरर थ्रेशोल्ड, डीफॉल्ट ०.४० असतो, म्हणजे वक्र मूळ कडेपासून एवढ्या पिक्सेलपेक्षा जास्त हलला की तो अजून तुकडे करतो आणि नोड वाढवतो. चित्र चौपट केलेलं असेल तर हा १ करा, मूळ चित्राच्या हिशोबात तो पाव पिक्सेलच होतो, डोळ्याला काही कळत नाही आणि नोड बरेच कमी येतात. दुसरा कॉर्नर थ्रेशोल्ड, डीफॉल्ट १००, हा कोनाचा आकडा आहे, शिरोरेषेची टोकं गोल येत असतील तर ११५-१२० पर्यंत वाढवून बघा, जास्त कोपरे पकडले जातात. फार वाढवलं तर वेलांटीवर पण कोपरे यायला लागतात, तेव्हा मागे या. बाकीच्या स्लायडरना मी हात लावत नाही.

पाथ झाला आणि काहीच दिसत नाही असं पण बरेच जण विचारतात. पाथ टॅबमध्ये जाऊन डोळ्याची खूण चालू करा, पाथ तिथेच असतो. राइट क्लिक करून एक्सपोर्ट पाथ केलं की एसव्हीजी मिळते. ती इंकस्केपमध्ये उघडा आणि कंट्रोल ५ दाबून आउटलाइन व्ह्यूमध्ये बघा. अक्षरांभोवती एक मोठा चौकोन दिसला तर तुम्ही अक्षर नाही, मागचं पांढरं सिलेक्ट केलं होतं, जिंपमध्ये परत जाऊन कंट्रोल आय करून इन्व्हर्ट करा आणि पाथ नव्याने काढा. प्रत्येक रेषेला दोन समांतर रेषा दिसतायत अशी तक्रार असेल तर ती चूक नाही, सिलेक्शनवरून पाथ म्हणजे कायम बाहेरची कडच मिळते, जाड रेषेला दोन कडा असणारच. लेझर एन्ग्रेव्हिंगला किंवा पेनने लिहिणाऱ्या मशीनला मधली एकच रेष हवी असेल तर हा रस्ताच वेगळा, इंकस्केप १.० पासून ट्रेस बिटमॅपमध्ये सेंटरलाइन ट्रेसिंग आलंय ते वापरा.

व, ब, ळ ची भोकं भरलेली दिसत असतील तर कुणीतरी ब्रेक अपार्ट केलेलं असतं, बाहेरची आणि आतली कड दोन्ही सिलेक्ट करून कंट्रोल के, म्हणजे कंबाइन, भोक परत येतं.

नोड अजून जास्त वाटत असतील तर कंट्रोल एल, सिम्प्लिफाय. पण एकदाच, आणि पूर्ण नावावर नाही. पटापट दोनतीनदा दाबलं की प्रत्येक वेळी त्याचा जोर वाढत जातो, आणि आधी मरते ती ब्रशची चाल, श चं ते उचललेलं शेपूट सरळ होऊन जातं, ळ च्या दोन्ही गाठी सारख्या होतात. नाव वाचता येतं पण पेंटरचं अक्षर गेलेलं असतं. मी नोड टूल घेऊन फक्त लांब सरळ शिरोरेषेतले मधले नोड हाताने डिलीट करतो, बाकी तसंच ठेवतो.

साइझची गडबड वेगळी. १२०० पिक्सेल रुंद चित्राचं रेझोल्यूशन ३०० असेल तर ते ४ इंच होतं, ७२ असेल तर साडेसोळा इंचाच्या वर जातं, पिक्सेल तेवढेच. त्यामुळे एक्सपोर्टच्या आधी इमेज मेनूत प्रिंट साइझ बघा. आणि इंकस्केपमध्ये १०० मिलिमीटर होतं ते कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १०६.६७ आलं तर गोंधळू नका, इंकस्केप ०.९२ पासून एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरतो, दोन्हीकडे वेगळा आकडा धरला की नेमका एवढाच फरक पडतो. कटिंगच्या आधी रुंदी हाताने टाकून घ्या.

फोटोशॉपवाल्यांनी पण मोठं करणं, ब्लर, थ्रेशोल्ड तसंच करायचं, मग पाथ पॅनलच्या मेनूतून मेक वर्क पाथ. टॉलरन्स ०.५ ते १० पिक्सेलपर्यंत असतो, ०.५ ला पायऱ्या पण पाथमध्ये येतात, १० ला अक्षर साबणासारखं होतं, चौपट चित्राला २ च्या आसपास ठीक बसतं. वर्क पाथ तात्पुरता असतो, दुसरा केला की पहिला गेला, म्हणून लगेच त्यावर डबल क्लिक करून नाव द्या. पाथ्स टू इलस्ट्रेटर करून उघडल्यावर पान कोरं दिसलं तर पाथला फिल नाही स्ट्रोक नाही म्हणून, कंट्रोल वाय दाबा, सगळं तिथेच आहे. कोरलमध्ये आउटलाइन ट्रेस करताना भोकांच्या जागी वेगळे पांढरे ऑब्जेक्ट येतात का ते बघा, येत असतील तर पूर्ण इमेजमधून बॅकग्राउंडचा रंग काढायचा पर्याय चालू करा.

हे सगळं करून स्क्रीनवर कोपरा टोकदार आहे पण रेडियमवर गोल येतोय असं असेल तर परत पाथकडे जाऊ नका. साधा २० मिलिमीटरचा चौकोन काढून कापा. त्याचे पण कोपरे गोल आले किंवा चौकोन नीट बंद झाला नाही तर प्लॉटरमधला ब्लेड ऑफसेट चुकलाय, बऱ्याच ओढत चालणाऱ्या ब्लेडना तो ०.२५ मिलिमीटर लागतो, तो टाका आणि चौकोन जुळल्यावर नावातलं सगळ्यात अवघड अक्षर, श्री किंवा क्ष किंवा ळ, एकटंच उरल्यासुरल्या तुकड्यावर कापून सोलून बघा, मगच पूर्ण नाव लावा.